न वाजवायची रेकॉर्ड

माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांना गाण्यातलं फार कळतं. असं ते स्वतःच सांगतात, आणि इतकी वर्षं सांगताहेत की आता आजूबाजूचे लोकही तसंच म्हणायला लागलेत. मी गाडी शिकवायची शाळा चालवतो. ज्याला इंजिनाबद्दल सगळं तोंडपाठ असतं त्याला गाडी मागे घेता येत नाही, हे मी रोज बघतो. त्यामुळे दाजींच्या ज्ञानाने मी कधी दिपून गेलो नाही.

नोकरी त्यांनी जन्मभर एका विमा कंपनीत केली, दावे तपासायच्या खात्यात. कोणाचं छप्पर उडालं, कोणाची गाडी ठोकली, की कागद यांच्या टेबलावर यायचे. त्यांत काहीतरी खोट काढून ते परत पाठवायचे, हे यांचं काम. त्यात ते वाकबगार होते म्हणे. घरी आल्यावर तीच नजर गाण्यांवर. अमकीचा आवाज पातळ, तमक्याचा ताल ढिला, आणि तिसरा तर लोकांनाच आवडतो, म्हणजे त्याचा विषयच संपला. जे चार माणसांना आवडतं ते दाजींना आवडणं शक्य नाही. ‘चांगलं’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी आजवर ऐकलेला नाही, ते ‘दुर्लभ’ म्हणतात. म्हणून घरात आम्ही त्यांना पाठीमागे दुर्लभच म्हणतो. ताईही म्हणते, पण ती प्रेमाने म्हणते. मी प्रेमाने म्हणत नाही.

घर तीन खोल्यांचं. भाची नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि त्याच आठवड्यात तिच्या खोलीत रेकॉर्डी शिरल्या. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, मधोमध प्लेअर, दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर. दाजी त्या खोलीत चप्पल काढून जातात आणि पाकिटातून रेकॉर्ड काढताना श्वास रोखून धरतात, कारण तोंडातली वाफ तिला लागते म्हणे. ताई शाळेत शिवण शिकवायची. तिचं शिलाई मशीन या सगळ्यात बाथरूमबाहेरच्या बोळात गेलं. तिथे तिला धड पाय पसरता येत नाहीत, पण ती कुरकुर करत नाही. तिच्या वाटची कुरकुर मी करतो.

दर रविवारी सकाळी या खोलीत मंडळ भरतं. चार डोकी. दाजी धरून. दुसरे दाताचे डॉक्टर. ते आठवडाभर लोकांची तोंडं उघडी ठेवतात आणि रविवारी इथे येऊन स्वतःचं उघडतात. तिसरे एक निवृत्त प्राचार्य, ते डोळे मिटून ऐकतात आणि निम्म्या वेळा झोपलेले असतात. चौथ्याचं पूर्वी कॅसेटचं दुकान होतं. त्याला सगळे ‘कॅसेट’च म्हणतात आणि चहाचे कप त्यालाच उचलायला लावतात. विसरल्या गेलेल्या रेकॉर्डी हुडकायच्या आणि एकमेकांना सुचवायच्या, असा मंडळाचा उद्देश. नियम एकच: आणलेली रेकॉर्ड इतरांनी आधी ऐकलेली नसावी. कोणी ‘ऐकलीय’ म्हणालं की ती वाजवायची नाही, परत पिशवीत.

आता ‘नाही ऐकली बुवा’ असं कबूल करायला ही मंडळी काय साधी आहेत? दाजी पाकीट निम्मं बाहेर काढतात तोच डॉक्टर म्हणतात, ‘ऐकलीय.’ डॉक्टर काढतात तेव्हा प्राचार्य झोपेतून जागे होऊन म्हणतात, ‘ऐकलीय.’ एकदा कॅसेटने पाकीट न दाखवता नुसतं नाव सांगितलं, तर तिघंही एकदम ‘ऐकलीय’ म्हणाले. मग तो म्हणाला, ‘नाव चुकलं माझं, अशी रेकॉर्डच नाही.’ त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही. असा तास-दीड तास गेला की मंडळ उठतं. गाणं ऐकायला जमलेली माणसं गाणं न ऐकताच समाधानाने घरी जातात, आणि जिन्यातून उतरताना पुढच्या रविवारची वेळ ठरवतात.

आता ताईचं सांगतो. तिची स्वतःची अशी एकच रेकॉर्ड. पहिल्या पगारातून घेतलेली. पाकिटावर जिन्यात उभी असलेली एक बाई, अंगात पिवळा कोट, आणि चेहरा असा की आता या वेळेला कोण आलं. त्या गायिकेने तेवढी एकच रेकॉर्ड काढली, पुढे तिचं काय झालं कोणास ठाऊक. हलकीफुलकी गाणी, हाताने काम करता करता म्हणावीत अशी. ताई ती लावून कपडे वाळत घालायची, केर काढायची, आणि एकदा त्याच नादात तिने माझ्या शाळेच्या पॅंटला खिसे बाहेरून शिवले. आमची आई गेली त्या वर्षी वडील बोलेनासे झाले होते. घरात आवाज असा तेवढाच होता. मी लहान होतो, मला वाटायचं ती जिन्यातली बाई वरच्या मजल्यावर राहते आणि आपल्यासाठी गाते.

लग्न झाल्यावर ताई ती रेकॉर्ड घेऊन सासरी गेली. दाजींनी पहिल्याच आठवड्यात पाकीट दोन बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाले, “हे बाजारू आहे. माझ्या रेकॉर्डींत ठेवू नकोस.” जणू खरूज झालेलं पोर. ताईने ती माळ्यावर जुन्या बॅगेत ठेवून दिली. नव्या नवरीने पहिल्या आठवड्यात गाण्यावरून भांडायचं नसतं, असं तिला वाटलं. पुढे भांडायचं राहूनच गेलं.

तीन वर्षांपूर्वी असं झालं की दूरच्या एका शहरातल्या संग्राहकाने रेकॉर्डवाल्यांच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. या गृहस्थांचं नाव मंडळात देवाच्या खालोखाल घेतलं जातं. फोटो पिवळ्या कोटातल्या बाईचा. खाली त्यांनी लिहिलं होतं की हे आपल्या सगळ्यांच्या नजरेतून निसटलेलं रत्न आहे, मी एकदाच ऐकलंय, प्रती जवळजवळ उरलेल्या नाहीत, इंटरनेटवरही कुठे सापडत नाही. रविवारी डॉक्टरांनी विचारलं, “कोणी पाहिलीय का हो ही?” त्या दिवशी मात्र ‘ऐकलीय’ म्हणायची कोणाची छाती झाली नाही, कारण लगेच ‘मग कशी आहे?’ हा पुढचा प्रश्न आला असता.

दाजी म्हणाले, “आहे माझ्याकडे. माझं लक्ष होतंच तिच्यावर.”

लक्ष होतं! माळ्यावर, बॅगेत, जुन्या स्वेटरांखाली. स्टूल घेऊन ते स्वतः वर चढले. एरवी माळ्यावरचा पंखा काढायलाही मला फोन येतो. खाली उतरले तेव्हा केसांना जळमटं होती आणि चेहऱ्यावर शोध लावल्याचं तेज होतं.

ताई पदराला हात पुसत आली. “सापडली? लावा ना.”

दाजींनी लावली नाही. त्यांनी ती शुद्ध केलेल्या पाण्याने धुतली, मऊ फडक्याने टिपली आणि मंडळाच्या सल्ल्याने एक जाडजूड, मऊ, पारदर्शक प्लास्टिकचं जाकीट मागवलं. त्यात ती पाकिटासकट घालून कडेने चिकटपट्टी मारली. मग काचेचं कपाट आणलं. आल्यागेल्याला दिसावं म्हणून ते पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवलं, दुपारभर ऊन येतं तिथे, आणि कुलूप लावून किल्ली खिशात टाकली.

“वाजवायची नाही?” ताईने विचारलं.

“प्रत्येक वेळी सुई फिरली की खाच झिजते. ही वाजवायची रेकॉर्ड नव्हे. ही जपायची.”

“मी तर रोज वाजवायचे.”

“तेच तर,” दाजी म्हणाले. “आधीच फार नुकसान झालंय.”

त्याच सुमारास ताईचे कान जायला लागले. दारावरची बेल वाजत राहायची आणि ती शांतपणे भाजी चिरत बसायची. कुकरची शिट्टी ऐकू येईना, फोन खणखणून बंद पडायचा. दार आपटलेलं मात्र कळायचं, मी जिन्यात खाकरलो तरी कळायचं. दाजींना रविवारी मंडळ आणि बाकीचे सहा दिवस मंडळाची तयारी, तेव्हा कानाच्या डॉक्टरकडे मी घेऊन गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होती, नीट समजावून सांगणारी. म्हणाली, बारीक, चिरके आवाज आधी जातात, जाड आवाज मागून जातात. कानात मशीन घालून बोलणं कळेल, पण गाणं पूर्वीसारखं लागणार नाही. आणि हे वाढत जाणार. “गाणी आवडतात का तुम्हाला?” तिने विचारलं. ताईने मान हलवली. “मग आत्ताच ऐकून घ्या.”

परत येताना गाडीत ताई म्हणाली, “मला ती रेकॉर्ड एकदा पूर्ण ऐकायचीय. दोन्ही बाजू. बाकी काही नाही.”

मशीन आणलं. त्यातून तिला प्लेअरवरचं गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटायचं, म्हणून गाण्यापुरतं ती ते काढून ठेवायची. रेकॉर्ड मात्र कपाटात होती, तिथेच राहिली. ताईने विचारलं, पुन्हा विचारलं. मग मी गेलो. दाजी फडक्याने सुई पुसत होते.

“दाजी, तिचे कान चाललेत.”

“माहीत आहे हो. वाईट वाटतं.”

“मग एकदा लावा की ती.”

“इतक्या आहेत खोलीत. हवी ती लाव म्हणावं.”

“तिला ती हवीय.”

“मेव्हणे, तुम्हाला यातलं कळत नाही.” त्यांनी सुई खाली ठेवली, कारण मला शहाणं करायला दोन्ही हात लागतात. “ते स्वतः येणार आहेत, ज्यांनी ती शोधून काढली. त्यांच्यासमोर एकदा वाजेल. तेव्हा हिनेही बसावं, मागे कुठेतरी.”

“शोधून काढली तिने. पहिल्या पगारात.”

“विकत घेणं वेगळं,” दाजी म्हणाले, “आणि शोधणं वेगळं.”

या माणसाने जन्मभर लोकांचे किती दावे नाकारले असतील, याचा मला त्या दिवशी अंदाज आला. मी ताईला म्हटलं, कुलूप तोडतो, काच फुटली तर फुटली. ती म्हणाली, “नको रे. उगाच घरात तमाशा नको. येतीलच ते.” पालथ्या घड्यावर पाणी. दाजी तिकडे ऐकत नव्हते आणि ही इकडे.

त्यांचं येणं लांबत गेलं. कधी त्यांना सवड नाही, कधी त्यांचं दुखणं, कधी दुसऱ्या शहरातलं दुसरं कोणतं तरी मंडळ. दोन उन्हाळे गेले. तोवर ताईला माझं बोलणं तोंडाकडे पाहून समजून घ्यावं लागायला लागलं, आणि भाचीचा फोन आला की ती तो माझ्याकडे द्यायची. कपाटातली पिवळी बाई रोज दुपारी उन्हात चमकायची. दाजी काच पुसायचे.

अखेर गेल्या महिन्यात ते आले. मला बोलावणं नव्हतं, मी गेलो. मला वाटलं होतं कोणी भारदस्त माणूस असेल, तर सर्दी झालेले एक बुटके गृहस्थ निघाले, दर दोन मिनिटांनी नाक शिंकरणारे. दाजी, डॉक्टर, प्राचार्य त्यांच्याभोवती असे वाकून उभे होते, जसे परीक्षेच्या दिवशी माझे विद्यार्थी लायसन्सवाल्या साहेबाभोवती उभे राहतात. कॅसेट चहा आणत होता.

ताई सकाळीच तयार झाली होती, ठेवणीतली साडी नेसून. कानातलं मशीन काढून तिने डबीत ठेवलं होतं. खोलीत दोन स्पीकरांच्या बरोबर मध्यावर एक खुर्ची मांडली होती, तिच्यावर ती जाऊन बसली.

“वहिनी,” डॉक्टर हाताने खुणा करत म्हणाले, “ती पाहुण्यांची जागा. आवाज तिथेच नीट जुळतो.”

ती उठली आणि दाराजवळच्या स्टुलावर बसली. मी तिच्या मागे उभा राहिलो. डॉक्टरांच्या दाढा मोजून घ्याव्यात असं मला फार वाटलं.

मग दाजी बोलले. किती बोलले! आपण ही रेकॉर्ड कशी ओळखली, काळाच्या पुढची कशी आहे, कशी जपली. ताईचं नाव त्यात कुठे नव्हतं. “ही घरात आली,” एवढंच म्हणाले, जशी काही चालत आली. मग किल्ली लावून त्यांनी जाकीट बाहेर काढलं आणि डॉक्टरांनी खास आणलेल्या पात्याने चिकटपट्टी कापली. प्लास्टिक पाकिटाला चिकटून बसलं होतं. ते सोडवताना पिवळ्या कोटाची एक बाही निघून आली. दाजींचा हात थबकला. त्यांनी रेकॉर्ड बाहेर काढली तर तिच्यावर पांढुरका थर, काचेवर वाफ धरावी तसा. फडक्याने पुसला, गेला नाही. ओल्या फडक्याने पुसला, तरी नाही.

“धूळ असेल,” दाजी म्हणाले, आणि सुई ठेवली.

कढईत काहीतरी तळायला टाकावं तसा आवाज खोलीभर झाला. चरचर, चरचर, थांबेचना. त्याच्या पलीकडे कुठेतरी एक बाई गात असावी, एवढाच भास. प्राचार्य दचकून जागे झाले. पाहुणे खुर्चीतून उठले, त्यांनी जाकीट उचललं, खिडकीपाशी नेऊन दाबून पाहिलं, वास घेतला, म्हणजे सर्दीत जमेल तेवढा घेतला.

“हे मऊ प्लास्टिक? आणि उन्हात?” ते म्हणाले. “यातून जे सुटतं ते रेकॉर्डमध्ये मुरतं. आता हे निघायचं नाही. माळ्यावर नुसती पडून राहिली असती तर काही झालं नसतं.”

कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण तिथे फडकं घेऊन उभं होतं. डॉक्टर म्हणाले, जाकीट आपण सुचवलं नव्हतं. प्राचार्य म्हणाले, आपण तर नाहीच नाही. मला हसू यायला हवं होतं. पण मला एवढंच कळत होतं की ताईने दोन वर्षं या दिवसाची वाट पाहिली आणि तिच्या वाट्याला हा तळणीचा आवाज आला. खोलीतल्या एकाही माणसाने तिच्याकडे वळून पाहिलं नव्हतं. दाजी सुई उचलायला पुढे झाले.

“राहू द्या,” ताई म्हणाली.

ती स्टुलावरून केव्हा उठली मला कळलं नाही. मधली खुर्ची रिकामी झाली होती, त्यात ती बसली होती.

“अगं, खराब झालीय,” दाजी ओरडून म्हणाले. तिच्याशी बोलताना आता सगळे ओरडतातच. “काही ऐकू येत नाहीये.”

“मला येतंय.”

मला वाटलं, बिचारी आठवणीनेच ऐकतेय. मग ती गाण्याबरोबर गुणगुणायला लागली. मी कान देऊन त्या चरचरीच्या पलीकडे ऐकायचा प्रयत्न केला. ती बाई श्वास घ्यायला थांबली की ताई थांबत होती. ती पुन्हा उचलायची तेव्हाच ताई उचलायची, एक मात्रा पुढे नाही की मागे नाही. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ती चरचर म्हणजे सगळा बारीक, चिरका आवाज, आणि तसला आवाज ताईच्या कानांनी केव्हाच सोडून दिला होता. गायिकेचा गळा भरलेला होता, खालच्या पट्टीतला. तो तेवढा तिला पोचत होता. खोलीत चार जाणकार होते, त्यांतला एक तर खास गाडीभाडं खर्चून आला होता, आणि गाणं एकटीला ऐकू येत होतं.

दाजी पाहुण्यांजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, “मनाला लावून घेऊ नका. तिला ऐकू येत नाही, म्हणून अशी बसलीय.”

पाहुण्यांनी सहानुभूतीने मान हलवली. त्या क्षणी मला दाजींचा जेवढा तिटकारा आला तेवढा आजवर कोणाचा आला नसेल, आणि गाडी शिकायला माझ्याकडे नाना तऱ्हेची माणसं येतात.

पहिली बाजू संपली. दाजींनी सुटकेचा श्वास टाकला, सुई उचलली आणि रेकॉर्ड काढून हातात घेतली.

“दुसरी बाजू लावा,” ताई म्हणाली.

दाजी पाहुण्यांकडे पाहायला लागले, जशी काही त्यांची परवानगी हवी. मी पुढे झालो, त्यांच्या हातातून रेकॉर्ड घेतली, पाचही बोटं लावून ती उलटी केली, प्लेअरवर ठेवली आणि सुई टेकवली. दाजी माझ्या बोटांकडे पाहत होते. “अहो, घाम... खाचांत घाम गेला की काय होतं माहितीये का तुम्हाला,” त्यांनी सुरुवात केली. “रेकॉर्ड धरायची एक पद्धत असते. कडेने धरायची, आणि तळहात...”

ताईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलताहेत हे तिला दिसलं.

“अहो, जरा गप्प बसा,” ती म्हणाली. “मला ऐकायचंय.”